भागूबाईच्या नावाचं कुलूप

भीमराजला साधी छत्री घ्यायची असली तरी तो तीन दुकानं हिंडायचा. काडी न काडी उघडून-मिटून बघायचा, मुठीवर बोट फिरवायचा आणि रिकाम्या हाताने घरी येऊन म्हणायचा, "बघू, पुढच्या आठवड्यात." तोवर पाऊस येऊन गेलेला असायचा. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला असलेला माणूस तो. दिवसभर केसाच्या जाडीइतकी चूक शोधायची, तीच नजर संध्याकाळी घरी घेऊन यायची. त्यामुळे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याने जेव्हा जाहीर केलं, की यंदा दिशा दहावीला जाणार, घरात कॉम्प्युटर आणायचा, तेव्हा शुभांगीने भाकरी थापता थापता मनात म्हटलं, पोरीची बारावी होईस्तोवर काही येत नाही.

तिचा अंदाज चुकला. भीमराजने दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'प्रोसेसर' लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ ओढली. कारखान्यातल्या कॉम्प्युटर सेक्शनच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, की बाकीचं पुढेमागे बदलता येतं, पण प्रोसेसर नीट निवडा, सगळा जीव त्यात असतो. मग काय, रोज संध्याकाळी चहाचा कप बाजूला आणि वही पुढ्यात. पानाचे दोन भाग केलेले. एकीकडे 'अभ्यास', एकीकडे 'खेळ'. शेजारी दिशा, मैत्रिणीकडून आणलेलं कॉम्प्युटरचं मासिक मांडीवर उघडून.

"पप्पा, एकशे सहासष्ट मेगाहर्ट्झच्या वेगावर टायपिंग होतं, चित्रं पण निघतात. पण गाड्यांचा गेम अडकतो."

"आणि दोनशेवर?"

"चालतो. दोनशे तेहेतीसवर पळतो."

"दहावीला गाड्यांचा पेपर असतो वाटतं," शुभांगी आतून म्हणायची.

ती म्हणायची हसत, पण तिला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. शहराबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकवत होती. दुसऱ्यांची चाळीस पोरं ती पाढ्यांना लावायची, आणि आठवीत असताना तिची स्वतःची पोरगी गणितात पस्तीसवर येऊन टेकली होती. कशाने, ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. शेजाऱ्यांकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आला होता. एके दिवशी शाळेतून आल्यावर शुभांगी शोधत गेली, तर दिशा गणवेशातच, मांडीवर जेवणाचं ताट, त्यातला घास तसाच, आणि नजर पडद्यावर. "दिशा" म्हणून तिने तीनदा हाक मारली. पोरीने वळून बघितलं नाही. ते न वळलेलं डोकं शुभांगीच्या मनातून दोन वर्षांत गेलं नव्हतं.

मे महिन्यात तिघं दिल्लीगेटच्या आतल्या एका बोळात, जिना चढून गोरक्षच्या दुकानात गेले. गोरक्ष मूळचा बेलापूरचा, पंचविशीतला, दुकान काढून सहा महिने झालेले. पार्ट मागवायचा आणि गिऱ्हाइकासमोर जोडून द्यायचा. भीमराजची वही बघून तो खुर्चीत सरळ बसला.

"दादा, एवढा अभ्यास करून कोणी येत नाही. लोक येतात आन् म्हणतात, चांगला द्या."

"चांगला म्हणजे कशासाठी चांगला, ते नको का सांगायला?"

"तेच विचारतो. वापर काय?"

"अभ्यास," शुभांगी म्हणाली.

"अभ्यास," दिशाही म्हणाली, आणि खाली बघून पुढे म्हणाली, "आणि थोडे गेम."

भीमराजने वही मिटली. "दोन्ही. आमच्या लहानपणी खेळ म्हणजे आळस समजायचे. घरात एक तर काम, नाहीतर पुस्तक. हिला दोन्ही मिळू दे. एकासाठी दुसरं मारायचं नाही. दोनशे तेहेतीस घाला, तोही एमएमएक्सवाला, चित्रं पळवणारा."

दुकानातून खाली उतरताना त्याची चाल बदललेली होती. लग्नात मुंडावळ्या बांधल्यावरसुद्धा तो एवढा ताठ चालला नव्हता, असं शुभांगीला वाटून गेलं. छत्रीही न निवडू शकणाऱ्या तिच्या नवऱ्याने अर्ध्या तासात एवढी मोठी वस्तू निवडली होती.

शाळा सुरू झाल्यावर जूनमधल्या एका रविवारी कॉम्प्युटर घरी यायचा होता. आदल्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर शुभांगी घराकडे वळली नाही. एसटीतून उतरून तशीच गोरक्षचा जिना चढली. पिशवीत तपासायच्या वह्या, हाताला खडू.

"गोरक्षभाऊ, एक विचारू? त्यातलं खेळाचं तेवढं बंद करता येतं का? अभ्यासाचं चालू राहू दे."

गोरक्ष हसला. "ताई, त्याला काय कळतंय अभ्यास कुठला आन् गेम कुठला. त्याला सगळी आकडेमोडच."

"काहीतरी असेल ना. दहावीचं वर्ष आहे. तेवढी दहावी होऊ द्या."

ती उठेना. गोरक्षने मान खाजवली. "एक हाय. आता कसं सांगू तुम्हाला... हे बघा, तुमच्या ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. भाजी टाकताना हळद, तिखट, मोहरी सगळं हाताशी. तो डबा उचलून माळ्यावर ठेवला तर?"

"स्वयंपाक होईल की. दर चिमटीला स्टुलावर चढावं लागेल, एवढंच."

"तसंच. प्रोसेसरच्या हाताशी असाच एक डबा असतो, त्याला कॅशे म्हणतात. तो बंद करून ठेवता येतो. चालू करताना आकडा दोनशे तेहेतीसच दिसणार, पण हात मंद. लिहाय-वाचायला एवढं जाणवायचं नाही. गाड्या मात्र रडत चालतील."

"मग ठेवा माळ्यावर," शुभांगी म्हणाली.

गोरक्षचा हात टेबलावरच थांबला. "दादांना विचारलंय ना? त्यांनी लई हौसेने निवडलाय."

आणि शुभांगी म्हणाली, "त्यांचंच म्हणणं आहे."

तोंडातून गेलं ते असं सहज, जसं वर्गात एखाद्याला 'बस खाली' म्हणावं. नंतर कितीतरी वेळा तिने हे वाक्य मनात फिरवून बघितलं. विचार करून बोलली असती तर एकवेळ पटलं असतं. पण विचार नव्हताच.

"मग कुलूप घालून देतो, म्हणजे पोरगी आत शिरायची न्हाई. एक शब्द सांगा. इंग्रजी अक्षरात, आठाच्या आत."

मिसळणाचा डबा तिच्या डोळ्यांपुढे होताच. स्टीलचा, झाकणावर मशीनने कोरलेलं नाव – 'भागूबाई यांजकडून'. आईने लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर ते होतं, ताटापासून पळीपर्यंत. तिने बोटांवर अक्षरं मोजली. बरोबर आठ.

रविवारी रिक्षातून खोकी आली. भीमराजने पुढच्या खोलीत टेबल लावून ठेवलं होतं. गोरक्षने तारा जोडल्या, पण बटण दाबायच्या आधी भीमराज म्हणाला, "थांबा जरा." बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे त्याने मेणबत्ती लावली. घरात नवी वस्तू आली की वंदना, ही त्याची रीत. तिघं हात जोडून उभे राहिले, गोरक्षही चप्पल काढून मागे. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणतात त्या जागी, शुभांगीचा आवाज इतका बारीक झाला की दिशाने मान तिरकी करून बघितलं.

मग बटण दाबलं. पडद्यावर दोनशे तेहेतीस आलं. भीमराजने बोट लावून दाखवलं, "बघ." दिशाने गाड्यांचा गेम घातला. गाडी निघाली, थांबली, पुन्हा निघाली. रस्ता तुकड्या-तुकड्याने येत होता, कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखा.

मग दिशा म्हणाली, "नवीन आहे ना, पप्पा. होईल थोड्या दिवसांनी." यंत्रं थोड्या दिवसांनी सुधारत नाहीत, हे त्या घरात भीमराजइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो पडद्याकडे बघत होता, मापात चुकलेल्या भोकाकडे बघावं तसा. गोरक्षने शुभांगीकडे बघितलं. ती चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या दिवसांत तिच्या लक्षात आलं, की गोरक्षचा अंदाज थोडा कमी पडला होता. अभ्यासालाही जाणवत होतं. दिशा संध्याकाळी भीमराजसमोर भूगोलाचा प्रकल्प टाइप करायला बसायची, मुळा धरणावरचा. बोट आधी पडायचं, अक्षर मागून यायचं. धरणाचं चित्र वरून खाली उतरेपर्यंत भीमराजचा चहा संपायचा. शुभांगी भाजी निवडत बघायची आणि वाटायचं, आत्ता उठावं, सांगून टाकावं. मग वाटायचं, चाचणी होऊ दे.

भीमराज एकदा गोरक्षकडे जाऊन आला. बरोबर राधाकृष्णही होता, टूलरूममधलाच, नेवाशाकडचा, भीमराजच्या वहीवरून स्वतःच्या पोरासाठी कॉम्प्युटर घ्यायला निघालेला. आल्यावर भीमराज थेट हातपाय धुवायला गेला.

"काय म्हणाला?" शुभांगीने विचारलं.

"उघडून दाखवला. प्रोसेसर तोच आहे, आकडा तोच आहे. मी त्याला नको ते बोललो, आतला माल दुसरा घालतोस म्हणालो. तो गप्प ऐकून घेत होता." टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून तो खाली बसला. "म्हणजे मालात खोट नाही. माझ्या निवडण्यात आहे."

"असं काही नाही," शुभांगी म्हणाली.

"मग कसं आहे?"

तिच्याकडे उत्तर होतं. ते आठ अक्षरांत बसत होतं. तिने डाळीला फोडणी दिली.

त्या शनिवारी ती पुन्हा जिना चढून गेली. गोरक्षने स्टूल पुढे केलं, पण या वेळी हसला नाही.

"ताई, दादांना माहीत नव्हतं."

ती स्टुलावर बसली नाही.

"मी तोंड उघडलं न्हाई. तुमच्या घरातलं हाय. पण राधाकृष्णदादांची ऑर्डर होती, ती गेली. त्यांच्या मागून अजून दोघं येणार होते."

"मी सांगते त्यांना."

"कधी?"

"चाचणी झाली की."

गोरक्षने एक स्क्रू उचलून डबीत टाकला. "बघा," म्हणाला.

चाचणी झाली. गणितात पंचवीसपैकी बावीस. भीमराजने पोरीच्या पाठीवर थाप मारली, पेढे आणले. आणि शुभांगीची वाटच बंद झाली. आता काय म्हणून सांगायचं? की मी केलं ते वाईट, पण त्याचे बावीस मार्क आलेत? मिसळणाचा डबा उघडताना ती झाकणावरचं नाव पदराखाली घ्यायला लागली. आईने आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या शेतात खुरपत तिने लेकीला डीएडला घातलं, आणि लेकीने तिच्या नावाचं कुलूप केलं.

घरात एक गोष्ट बदलत गेली, आणि ती फक्त शुभांगीला दिसत होती. भीमराज निवडेनासा झाला. कुकर घ्यायचा होता. "तूच बघ," तो म्हणाला, "मला नको विचारूस." वही टेबलाच्या खणात गेली. कारखान्यातल्या गोष्टी तो जेवताना सांगायचा, तशी ही पण सांगितली.

"राधाकृष्ण म्हणतो, भीमराज, दोन महिने वहीत लिहिलं आन् शेवटी बैलगाडीच आणली व्हय." आणि स्वतःच हसला. दिशा हसली नाही. ताटातल्या भाताकडे बघत बसली.

ऑगस्टमध्ये त्याचे कामावरचे बूट फाटले. संध्याकाळी गेला आणि पंधरा मिनिटांत परत आला, नवा जोड घेऊन. शुभांगी दारातच उभी राहिली. "एवढ्यात?"

"पहिला दाखवला तो घेतला. काय सगळे सारखेच."

चार दिवसांनी तो टाच उचलून चालायला लागला. मोजा काढल्यावर तिने बघितलं, रुपयाएवढा फोड, फुटून लाल झालेला. तिने खोबरेल लावलं. तो म्हणाला, "बसेल पायाला." ती टाच हातात धरल्यावर तिला रडू आवरेना. त्याला वाटलं, फोड बघून रडते.

आणि सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी तो म्हणाला, "रविवारी कॉम्प्युटर नेऊन देतो परत. राधाकृष्ण येणार आहे सोबत. गोरक्षला म्हणतो, लहान दे. लिहिण्या-वाचण्यापुरता. मोठ्यातलं आपल्याला कळत नाही."

माळ्यावरून रिकामी खोकी काढून त्याने भिंतीशी लावली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळेनंतरची शिक्षकांची बैठक रद्द झाली आणि शुभांगी घरी सांगितलं होतं त्यापेक्षा तास-दीड तास आधी पोचली. फाटकापाशीच तिला आवाज आला. इंजिनाचा, चढत जाणारा, न अडखळता. ती खिडकीशी थांबली. पडद्यावर गाडी धावत होती. वळणं, झाडं, पूल, सगळं एकसलग मागे पळत होतं. दिशाचं डोकं गाडीबरोबर उजवीकडे झुकत होतं, डावीकडे झुकत होतं.

"दिशा," शुभांगीने हळू हाक मारली.

पोरीने लगेच वळून बघितलं. पहिल्याच हाकेला. हात कीबोर्डकडे गेला, मग तिने तो मांडीवर ठेवला. गाडी जाऊन भिंतीला धडकली.

शुभांगी आत येऊन पलंगावर बसली. पिशवी खांद्यावरच.

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून. मासिकात लिहिलं होतं, मशीन मंद असलं तर आधी कॅशे चालू आहे का बघा. आत जायला लागले तर पासवर्ड मागितला. माझं नाव घातलं, पप्पांचं घातलं, तुझं घातलं. मग जेवायला बसले." ती थोडं थांबली. "आई, घरातल्या अर्ध्या भांड्यांवर एकच नाव आहे."

"मग तू..."

"शाळेतून आले की चालू करायचे. आधी अभ्यास, मग अर्धा तास गाडी. प्रकल्प पण असाच, चालू करून केला, पप्पांसमोर नुसतं दाखवायला बसायचे. तू यायच्या आत परत बंद करायचे. विसरले नाही कधी."

म्हणजे ते बावीस मार्क कुलपाने आणलेले नव्हते. शुभांगीला हे कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर बरं वाटायच्या ऐवजी आतून आणखी काही निसटल्यासारखं झालं. तीन महिने जे पाप तिने उपयोगाचं म्हणून सांभाळलं, त्याचा तेवढाही उपयोग नव्हता.

"मला का नाही बोललीस?"

"तू मला बोललीस?" दिशा म्हणाली. उद्धटपणे नाही, नुसतंच. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. माझ्यामुळेच, आठवीच्या मार्कांमुळे. म्हटलं, चालेल, मी पण गुपचूप खेळते. फिट्टमफाट. मग पप्पांनी ते बूट आणले, काही न निवडता. तेव्हा कळलं, त्यांना माहीतच नाही. मग सांगायचं म्हटलं, तर तुझं नाव येणार."

खोकी भिंतीशी उभी होती. एका खोक्यावर भीमराजने आधीच सुतळी गुंडाळून ठेवली होती, नीट, मोजून, आठ वेढे. शुभांगीने ते वेढे दोनदा मोजले.

"मी म्हणते, आई. मी सांगते," दिशा म्हणाली.

"नाही. कुलूप माझं आहे."

रविवारी सकाळी अंघोळी झाल्या. वस्तू येताना तशी जातानाही वंदना, म्हणून कॉम्प्युटरच्या तारा सोडवायच्या आधी भीमराजने मेणबत्ती लावली. तिघं उभे. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला भीमराजचा आवाज एकटाच पुढे गेला. त्याला ते जाणवलं. तो थांबला.

"काय झालं? विसरलीस?"

"नाही," शुभांगी म्हणाली. "मला म्हणता येत नाही हे."

आणि तिने सांगितलं. आधीपासून, शेजाऱ्यांकडच्या त्या ताटापासून. मिसळणाचा डबा, माळा, आठ अक्षरं. मध्ये दिशाने आपला भाग सांगितला. मेणबत्तीचं मेण खाली फरशीवर उतरत होतं आणि कुणी ते पुसलं नाही.

भीमराज खुर्चीवर बसला. समोरच्या बंद पडद्यावरून त्याने एकदा बोट फिरवलं. मग बोलला, तेही कुणाशी नाही.

"म्हणजे दोनशे तेहेतीस बरोबर होता."

"बरोबर होता," शुभांगी म्हणाली.

त्याने खण उघडला, वही काढली, नुसती हातात धरली. चेहऱ्यावर आधी काहीतरी सैल झालं. मग तेच पुन्हा घट्ट होत गेलं.

"तीन महिने. दोघींना माहीत."

दिशा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

"पोरीच्या काळजीने केलंस, ते मी समजेन," तो शुभांगीला म्हणाला. "कदाचित मीच हो म्हटलं असतं, तू विचारलं असतंस तर. पण गोरक्षला सांगितलंस, त्यांचंच म्हणणं आहे. माझं नाव का घातलंस त्यात?"

एखादं कारण शोधून सांगावं असं तिला वाटलंही नाही.

"आणि मी त्या पोराला राधाकृष्णासमोर लबाड म्हटलं."

"मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते त्यांना."

"मी ये म्हटलं नाही."

"मी येते."

खोकी घरीच राहिली. स्कूटरवर ती मागे बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे न कळून तिने सीट धरली. दिल्लीगेटपाशी राधाकृष्ण वाट बघत उभा होता.

"भीमराज, मशीन कुठंय? वहिनीलाच बदलून आणता का काय?"

भीमराज हसला नाही. तिघं जिना चढून गेले. गोरक्षने शुभांगीला बघितलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

वर्गात चाळीस पोरांपुढे बोलायची तिला सवय होती. इथे तिघंच होते, आणि तिने टेबलाची कड धरली. "राधाकृष्णभाऊ," ती म्हणाली, "ह्यांनी निवडलं त्यात चूक नव्हती. गोरक्षभाऊंनी दिलं त्यात पण नव्हती. मशीन मी मंद करून घेतलं. ह्यांना न सांगता. आणि गोरक्षभाऊंना खोटं सांगितलं, की ह्यांनीच सांगितलंय."

खाली बोळात एक भाजीवाली दर सांगत होती, ते सगळं ऐकू आलं. राधाकृष्णने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"म्हंजे मशीन चांगलं हुतं?"

"चांगलं आहे."

"आन् हे असं बंद करता येतं?" तो गोरक्षकडे वळला. "मग गोरक्ष, माझ्या पोराचं बी असंच करून दे की. मोठाच घाल. आन् डबा माळ्यावर."

गोरक्षला हसू फुटलं, ते त्याने ओठ दाबून धरलं. शुभांगीने मान खाली घातली. आपण केलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं बारकं आणि इतकं ओंगळ दिसत होतं.

"राधाकृष्णा," भीमराज म्हणाला, "मोठा घे. पण कुलूप घालायचं तर सगळ्यांना बसवून, समोर घाल." मग गोरक्षसमोर जाऊन त्याने हात जोडले. "मी नको ते बोललो. जय भीम."

"दादा, राहू द्या," गोरक्ष म्हणाला. "चहा घेता ना?"

चहा झाला. राधाकृष्णने आपल्या मशीनचं बोलणं तिथेच सुरू केलं, आणि भीमराज कधी त्यात शिरला ते कळलंच नाही. मदरबोर्डची बस किती, मेमरी किती, पंखा कुठला. वही घरी राहिली म्हणून तो हळहळला.

परतताना त्याने चौकात चपलांच्या दुकानापाशी स्कूटर थांबवली. टाच उचलून उतरला. शुभांगी मागोमाग गेली. त्याने एक जोड घातला, चार पावलं चालला, काढला. दुसरा घातला, तळ वाकवून बघितला, शिवण नखाने तपासली. सात जोड झाले. दुकानदाराने जांभई दिली, मग उघड्या खोक्यांकडे बघून शुभांगीकडे बघितलं – वहिनी, तुम्हीच काहीतरी बोला, अशा नजरेने. ती स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. तिला कसली घाई नव्हती.

शेवटी भीमराजने आपले तेच, टाच खाणारे बूट पुन्हा पायात चढवले.

"बघू," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात."

आणि लंगडत स्कूटरकडे चालू लागला. ती त्या टाचेकडे बघत मागून गेली. मागे बसल्यावर या वेळी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, पण निघताना मागे वळूनही बघितलं नाही.